जागा मिळालेल्या गाड्या

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. वडिलांना, म्हणजे आमच्या अब्बांना घेऊन मी हॉर्निमन सर्कलला गेलो होतो. तिथे जुन्या मोटारगाड्यांचं प्रदर्शन होतं. मालकांचा क्लब आपापल्या गाड्या घासूनपुसून आणतो, बागेभोवतीच्या गोल रस्त्यावर ओळीने उभ्या करतो, आणि थोड्या वेळाने त्यांची शहरातून फेरी निघते. अब्बांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांनी मुंबईत जवळजवळ चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. मी बी.ए. झालो तो त्याच टॅक्सीच्या मीटरवर. म्हटलं, चला, म्हाताऱ्याला जरा गाड्या दाखवून आणू.

गर्दी बरीच होती. लाल, निळ्या, मलईच्या रंगाच्या गाड्या, चांदीसारखे लखलखणारे दिवे, बाजूला पायरी असलेले लांबलचक मडगार्ड. लहान मुलं भोंग्याचा रबरी फुगा दाबून बघत होती. आईबाप मुलांना गाडीशेजारी उभं करून फोटो काढत होते. प्रत्येक गाडीपुढे एक पाटी: गाडीचं नाव, साल, इंजिनाची ताकद, मूळ मालक कोण, आताचे मालक कोण. मूळ मालकांत एखादे संस्थानिक, एखादे गिरणीमालक, एखादे नावाजलेले वकील. मी एकेक पाटी वाचत पुढे सरकत होतो. अब्बा मात्र रोल्स रॉईसपाशी थांबले नाहीत, ब्यूकपाशी थांबले नाहीत. ते सरळ चालत गेले आणि ओळीच्या शेवटी उभ्या असलेल्या एका छोट्या हिरव्या गाडीपाशी जाऊन थांबले. फियाट, साल १९५७. जिला मुंबईकर प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती.

त्या गाडीपाशी अब्बा जे एक वाक्य बोलले, त्यामुळे मी घरी येऊन गाड्यांचा इतिहास वाचायला बसलो. मी कवी माणूस, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरी ते वाक्य समजावं म्हणून जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो. वाक्य मात्र शेवटी सांगेन.

जुन्या गाड्या मिरवण्याची ही प्रथा सुरू कशी झाली? तिचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे १८६५ साली एक कायदा झाला होता. बिनघोड्याच्या वाहनाने गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैलांपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही, आणि त्याच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं! हा कायदा वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होता. पुढे निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. मोटारी आल्या तेव्हा त्याही ह्याच कायद्यात अडकल्या. अखेर १८९६ साली तो बदलला, वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत गेली आणि पुढे चालणाऱ्या माणसाची सुटका झाली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. निघण्याआधी न्याहारीच्या वेळी एक लाल निशाण समारंभाने फाडण्यात आलं. तीसेक गाड्या निघाल्या आणि जेमतेम निम्म्या पोचल्या. एक गाडी म्हणे रेल्वेने नेऊन, ब्रायटनजवळ उतरवून, वर चिखल फासून ‘चालवत आणली’ अशी दाखवली! ही वदंताच, पण गाडीवाल्यांची जात तेव्हापासून तीच आहे हे सांगायला पुरेशी.

खरी गंमत पुढे आहे. १८९६च्या त्या गाड्यांना पुढच्या तीस वर्षांत काहीही किंमत उरली नाही. मोटारी इतक्या झपाट्याने सुधारल्या की शतकाच्या आरंभीची गाडी १९२०च्या सुमारास नुसतं अडगळीचं लोखंड झाली. शेतकऱ्यांनी त्यांची इंजिनं काढून पाणी उपसायला लावली, बाकीच्या भंगारात गेल्या. अशा वेळी १९२७ साली एका वर्तमानपत्राने जुन्या फेरीची आठवण म्हणून पुन्हा लंडन ते ब्रायटन फेरी भरवली. लोक जमले ते हसायला. ह्या फेरीचं लोकांतलं नावच मुळी ‘खटाऱ्यांची शर्यत’ अशा अर्थाचं होतं. पण ती दरवर्षी होऊ लागली, आणि १९३० साली ब्रायटनमध्येच ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कोठारात पडलेल्या गाड्या शोधायच्या, त्यांचं साल ठरवायचं, नोंद ठेवायची हे काम क्लबने अंगावर घेतलं. ती फेरी महायुद्धाची वर्षं आणि अशाच काही अडचणी सोडल्या तर दरवर्षी निघत आली आहे. तिच्यात आजही फक्त १९०५ पूर्वीच्या गाड्यांना प्रवेश मिळतो.

१९३४ साली तिथेच आणखी एक क्लब निघाला, ‘व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब’. तो काढणारे हौशी लोक फार पैसेवाले नव्हते. नवी गाडी परवडत नाही, आणि जुनीच अधिक चांगली बनवलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. आपण सरसकट वापरतो तो ‘व्हिंटेज’ शब्द ह्यांनी मोटारीला पक्का चिकटवला. मूळचा तो द्राक्षाच्या दारूचा. त्यांच्या हिशेबाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०च्या दरम्यान बनलेली गाडी. त्याआधीची वेगळी, त्यानंतरची वेगळी. पुढे १९६६ साली जगभरच्या अशा क्लबांचा महासंघ झाला. त्याच्या व्याख्येत तीस वर्षं जुनं आणि मूळ रूपात जपलेलं वाहन ऐतिहासिक ठरतं.

सांगायचा मुद्दा असा की, हे क्लब श्रीमंतांच्या मिरवण्यासाठी जन्मले नाहीत. लोक ज्या वस्तूला हसत होते, ती वाचवण्यासाठी जन्मले. हे मला आधी ठाऊक नव्हतं. मीही हॉर्निमन सर्कलला जाताना मनात थोडी कुचेष्टा घेऊनच गेलो होतो.

आता आपल्याकडे येऊ. एकोणिसावं शतक संपता संपता मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर मोटार आली. सुरुवातीला ती साहेबांची, पारशी शेठजींची आणि राजेमहाराजांची. संस्थानिकांनी तर युरोपातल्या कारखान्यांना भरभरून काम दिलं. शिकारीची गाडी वेगळी, मिरवणुकीची वेगळी, पडदानशीन राण्यांसाठी काळ्या काचांची वेगळी. अशा गाड्यांभोवती गोष्टीही खूप. अलवरच्या महाराजांनी रोल्स रॉईसच्या दुकानात अपमान झाला म्हणून गाड्या विकत घेऊन कचरा उचलायला लावल्या, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पण तीच गोष्ट कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या, कधी हैदराबादच्या नावावरही सांगतात. तिला पक्का पुरावा नाही. दंतकथाही मोठ्या माणसाच्याच दारात जाऊन उभी राहते!

खरी गोष्ट कमी नवलाची नाही. कलकत्त्यात राहणाऱ्या रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या एका साहेबाने १९१०च्या सुमारास इंग्लंडमधून हंसाच्या आकाराची गाडी बनवून आणली. हंसाच्या चोचीतून वाफ आणि पाणी उडे. रस्त्यावर ती निघाली की माणसं पळत, बैल उधळत. शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ती गाडी पुढे नाभ्याच्या महाराजांकडे गेली, आणि आज ती आहे नेदरलँडमधल्या हेग शहरातल्या लोवमन संग्रहालयात. आपल्या रस्त्यांची गाडी, पण बघायची तर परदेशी जावं लागतं.

अशा कितीतरी गाड्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले. वाड्यांचा खर्च झेपेना, तिथे गॅरेजातल्या वीस गाड्यांना कोण विचारतो? दलाल फिरू लागले. काही गाड्या मातीमोल भावाने परदेशी गेल्या. पुढे सरकारने १९५० पूर्वीच्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग देशाबाहेर पाठवण्यावर बंधन घातलं. पण कायदा गाडी अडवून ठेवू शकतो, तिला तेलपाणी करू शकत नाही. ते केलं हौशी मालकांनी आणि त्यांच्या क्लबांनी. ‘स्टेट्समन’ वर्तमानपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या गाड्यांची फेरी सुरू केली. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने हॉर्निमन सर्कलला गाड्या जमवायला सुरुवात केली. ह्या छंदात मोठं नाव असलेले प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाड्याला शंभराहून अधिक गाड्यांचं संग्रहालय उभं केलं. कोल्हापुरात तर जुनी गाडी अजून कामावर आहे. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मंडळी मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात आणि लोक देवाच्या पालखीला वाट द्यावी तशी तिला वाट देतात.

हे सगळं खरं. पण अब्बा ज्या गाडीपाशी थांबले होते, ती राजाची नव्हती. तिची गोष्ट वेगळी आहे, आणि ती पुष्कळशी मराठी मुलखातली आहे.

आधी मुंबईत मोटारी बनत नसत, नुसत्या जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. अमेरिकेहून पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे ते जोडून शेवरोलेट उभी राहायची. आपल्या देशात संपूर्ण मोटार बनावी हा ध्यास घेतला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाज, विमान आणि मोटार ह्या तिन्हींचं स्वप्न पाहणारा हा माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. सुरुवात अमेरिकन गाड्या जोडण्यापासून झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. वालचंद १९५३ साली गेले, आणि १९५४च्या सुमारास फियाट ११०० कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. गोल पाठीची, बुटकी, पुढची दारं उलटी उघडणारी. तीच डुक्कर फियाट. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. १९७४च्या सुमारास गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं, आणि त्याच नावाने ती विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली. बाहेरून थोडेफार बदल झाले, आतलं १०८९ सीसीचं इंजिन तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरही बहुतेक काळ तोच.

कलकत्त्यात आणि दिल्लीत टॅक्सी म्हणजे अँबॅसडर. मुंबईने मात्र फियाट घेतली. गाडी लहान, गल्लीत वळायला सोपी, इंजिन काटक. आणि मुख्य म्हणजे कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री पाना आणि पकड घेऊन ती दुरुस्त करू शके. अंग काळं आणि डोक्यावर पिवळं छप्पर. आमचं घर कुर्ल्यालाच होतं. कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतल्या बायका भात चुलीवर ठेवत.

अब्बा खेड तालुक्यातून १९५७ साली मुंबईत आले. आधी गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले, मग ड्रायव्हिंग शिकले, मग दुसऱ्याची टॅक्सी रात्रपाळीला चालवू लागले. स्वतःची पद्मिनी घेतली १९८३ साली. कर्ज काढून, अम्मीच्या बांगड्या मोडून. ती गाडी दारात आली तेव्हा अम्मीने तिच्यावरून लिंबू उतरवून टाकलं आणि शेजारच्या शिंदेमावशींनी बोनटवर हळदीकुंकू लावलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या गाडीतून आम्ही भावंडं कधी फिरायला गेलो नाही. ती धंद्याची गाडी. फिरायला नेली तर रोज बुडतो. एकदाच बसलो, अम्मीला रात्री इस्पितळात नेताना. अब्बांनी सवयीने मीटर टाकला होता. मध्येच लक्षात आलं तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून तो वर केला.

पुढे अब्बांचे डोळे कमजोर झाले तेव्हा धाकट्या भावाने ती गाडी चालवली. दर वर्षी पासिंगला न्यायची, त्याआधी पत्रा ठोकून घ्यायचा, रंग मारायचा. इंजिनाचं दोनदा बोअरिंग झालं. नंतर शहरात टॅक्सींना गॅस लागला, तसा तिलाही लागला. आणि मग २००८ साली नियम आला की, पंचवीस वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी मुंबईत चालणार नाही. आमच्या गाडीला नेमकी त्याच वर्षी पंचवीस पुरी होत होती.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. धूर होता, गाड्या थकल्या होत्या, प्रवाशाला बरी गाडी हवी होती. भावाने नवी गाडी घेतली. प्रश्न जुनीचा होता. अब्बा म्हणाले, “ठेवू या.” मी विचारलं, “कुठे?” आमची खोली दहा बाय पंधराची. गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं. टॅक्सी रात्री उभी राहायची ती रस्त्याच्या कडेला, आणि न चालणारी गाडी रस्त्याच्या कडेला कोण उभी राहू देतो? शिवाय ती खासगी नावावर करून घ्या, कर भरा, महिन्यातून दोनदा चालू करा, टायर बसू देऊ नका. मी घरातला शिकलेला. मी हिशेब मांडून दाखवला. अब्बा काही बोलले नाहीत. भंगारवाल्याला फोन मीच केला.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्या तोडणाऱ्यांची दुकानं आहेत. अर्ध्या दिवसात त्यांनी तिची दारं, सीट, काचा, इंजिन वेगळं केलं. जिथे तिचा जन्म झाला त्या कारखान्यापासून ही जागा फार लांब नाही. कुर्ल्यात जन्म, कुर्ल्यातच माती. अब्बांनी फक्त किल्ली परत आणली. ती आजही आमच्याकडे कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेली आहे. कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत.

२०१३ साली टॅक्सीच्या वयाची मर्यादा आणखी खाली आली, पंचवीसची वीस वर्षं झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून खूप लिहून आलं. दीडच महिना आधी, सप्टेंबरमध्ये, बेस्टची जुनी डिझेलवर चालणारी दुमजली बस बंद झाली होती. ती तर १९३७पासूनची. लोकांनी फोटो काढले, हार घातले, निरोप दिला.

आता ह्याच्या शेजारी दुसरा एक नियम ठेवून बघा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. फार दिवसांची मागणी होती ती. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, धंद्याला न लावलेली दुचाकी किंवा चारचाकी ह्या नियमात व्हिंटेज ठरते. तिला वेगळा क्रमांक मिळतो, त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. रोजच्या वापराला ती काढायची नाही, पण प्रदर्शन, फेरी, अभ्यास, तेल भरणं, दुरुस्ती ह्यासाठी रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. त्यामुळे कितीतरी गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील.

पण दोन्ही नियम एकत्र वाचले की मधे एक दरी दिसते. टॅक्सी विसाव्या वर्षी रस्त्यावरून उतरते. गाडी वारसा ठरते पन्नासाव्या वर्षी. मधली तीस वर्षं तिने राहायचं कुठे? ती कमवत नाही, तिला कुणी मान देत नाही, आणि तिला छप्पर मात्र लागतं. १८९६ आणि १९२७ ह्यांच्यामध्येही साधारण तीसच वर्षं होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. वस्तू जुनी होऊन टाकाऊ ठरते आणि आणखी जुनी होऊन मोलाची ठरते, ह्या दोहोंच्या मधला काळ सगळ्यात वाईट. त्या काळात जिच्या मालकाकडे रिकामी जागा असते ती गाडी वाचते. राजाकडे ती होती, गिरणीमालकाकडे होती, बंगलेवाल्या वकिलाकडे होती. चाळीत नव्हती. म्हणून प्रदर्शनातल्या पाट्यांवर जो इतिहास लिहिलेला असतो, तो खोटा नसतो, पण तो गॅरेज असलेल्यांचा इतिहास असतो. त्यात क्लबाचा दोष नाही. जे वाचलं तेच ते आणून दाखवू शकतात.

कष्टाची गाडी वाचतच नाही असंही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा जॉन मॉरिस कंपनीचा आगीचा बंब आहे. निजामाच्या रेल्वेत त्याने नोकरी केली. तो राजाचा नव्हता, पण रेल्वेकडे शेड होती, म्हणून तो राहिला, आणि पुढे दिल्लीच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत मानाने उतरला. आपल्या बेस्टचंही आणिक आगारात छोटं संग्रहालय आहे. म्हणजे जी वस्तू सगळ्यांची, तिला जागाही सगळ्यांनी मिळून द्यावी लागते. टॅक्सी एकट्याची होती आणि सगळ्यांच्या कामाची होती. त्यामुळे तिला जागा देणं कुणाचंच काम ठरलं नाही.

आता पुन्हा हॉर्निमन सर्कलला येऊ. अब्बा त्या हिरव्या फियाटपाशी उभे होते. काचेवर दोन्ही हात ठेवून आत वाकून बघत होते. मालक जवळ आले. पन्नाशीचे गृहस्थ. मला वाटलं, आता म्हणतील, हात लावू नका. पण त्यांनी विचारलं, “काका, चालवलीत का कधी?” अब्बा म्हणाले, “हिच्या लेकी चालवल्या.” मालकांनी दार उघडून दिलं, उलटं उघडणारं ते दार, आणि म्हणाले, “बसा की.” अब्बा चपला काढून आत बसले. मी कितीदा सांगितलं, चपला असू देत, पण नाही. मालकांनी किल्ली दिली. अब्बांनी चोक ओढला, गाडी चालू केली आणि मान कलती करून ऐकत राहिले. म्हणाले, “टॅपेट जरा वाजतंय.” तिथेच फुटपाथवर पिशवी घेऊन बसलेला मालकांचा मिस्त्री उठून आला. तोही निघाला कुर्ल्याचाच. मग त्या दोघांचं जे सुरू झालं त्यात मला किंवा मालकांना काही जागा उरली नाही. हा कार्बोरेटर कुठला, तो पार्ट कुठल्या भंगारवाल्याकडे मिळाला, हे माप कोणी काढून दिलं. पाटीवर नसलेला सगळा इतिहास त्या दोघांच्या बोलण्यात होता.

मी मालकांना विचारलं, “गाडी इतकी वर्षं टिकली कशी?” ते म्हणाले, आजोबांनी घेतलेली, पार्ल्याला घर होतं, घरामागे पडवी होती. आजोबा गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. तीसेक वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. आत मांजरी व्यायच्या. मग एका सुट्टीत ताडपत्री काढली, क्लबातल्या मंडळींनी मिस्त्री सुचवला, सुटे भाग शोधून दिले, आणि चार वर्षांनी गाडी पुन्हा बोलू लागली. सांगताना त्यांचा चेहरा मुलीचं लग्न लावून दिलेल्या बापासारखा झाला होता.

गाड्या फेरीला निघाल्या तेव्हा आम्ही बागेच्या कठड्यापाशी उभे होतो. पुढे रोल्स, मग ब्यूक, मग बाकीच्या, आणि शेवटी ती हिरवी फियाट. अब्बा तिच्याकडे बघत म्हणाले, “हिला जागा गावली, पोरा.”

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. आमच्या गाडीचं नावही त्यांनी काढलं नाही. पण फोन मी केला होता, त्यामुळे ते वाक्य मला बरोबर लागलं.

तेव्हापासून मी एक साधा हिशेब करतो आहे. २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या त्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला पन्नास वर्षं पुरी होतील २०५३ साली. धंद्यातून उतरलेल्या, गॅस लावलेल्या गाडीला तेव्हाचा नियम मूळ रूपातली म्हणेल की नाही, ते तेव्हाचे अधिकारी बघतील. पण आपल्या नातवंडांना हॉर्निमन सर्कलला रोल्स रॉईसच्या ओळीत एखादी काळीपिवळीही उभी दिसावी, मीटरचं निशाण खाली केलेली, असं वाटत असेल, तर तिला २०५३ मध्ये जागा देऊन उपयोग नाही. तिची तीस वर्षं सुरू झालेली आहेत. कुणाच्या पडवीत, एखाद्या आगाराच्या कोपऱ्यात, एखाद्या क्लबाच्या शेडमध्ये तिला आज जागा लागेल. आज ती कुणाला सुंदर वाटणार नाही. १९२७ साली ब्रायटनच्या वाटेवरच्या गाड्याही कुणाला सुंदर वाटल्या नव्हत्या.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)